बाहेर खोललेली गाडी

माझ्या वडिलांचं गॅरेज वडाळा नाक्याजवळ होतं. दोन शटरची जागा, आत मधोमध एक खड्डा. गाडी खड्ड्यावर घ्यायची आणि खाली उतरून तिच्या पोटाशी काम करायचं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. चांदवडकडच्या खेड्यातून ते नाशिकला आले तेव्हा त्यांना ट्रॅक्टरचं इंजिन खोलता येत होतं, एवढंच भांडवल. पुढे जीपा आल्या, टॅक्सी आल्या, मग घरगुती गाड्या. कुणी शिकवलं नाही. खोलत गेले, लावत गेले, आणि चाळीस वर्षं त्यावर आमचं घर चाललं.

एवढं असून आमच्या घरी कधी गाडी नव्हती. अण्णा गिऱ्हाइकाची गाडी चाचणीला घेऊन निघाले की कधीमधी मला पुढं बसवायचे, पाथर्डी फाट्यापर्यंत नेऊन आणायचे. लहानपणी मी खूप गाड्यांत बसले, पण त्यातली एकही आमची नव्हती.

मी सिन्नरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. रबरी सील बनतात तिथं. मी मापं घेते, नोंद करते, पास किंवा रिजेक्टचा शिक्का मारते. बरीच वर्षं कंपनीच्या बसनं गेले. मग शिफ्ट बदलली, बसची वेळ जुळेना, आणि नवऱ्याशी बोलून मी कर्जावर एक नवी छोटी गाडी घेतली. शोरूममधून निघाले ती थेट गॅरेजवर. आईही रिक्षानं आली होती. नारळ फोडला, चाकांना हळद-कुंकू लावलं. अण्णांनी बॉनेट उघडलं आणि थोडा वेळ नुसतं पाहत राहिले. वरून सगळं काळ्या प्लास्टिकच्या झाकणाखाली होतं. त्यांनी त्या झाकणावर बोटानं टकटक केलं.

"झाकून ठेवलंय सगळं," ते म्हणाले.

मग त्यांनी गाडीचं पुस्तक मागितलं. गॅरेजमधला चष्मा लावून त्यांनी वॉरंटीचं पान सावकाश वाचलं. तीन वर्षं. बाहेर कुठंही दुरुस्ती केलेली आढळल्यास वॉरंटी रद्द. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"म्हंजे माझ्याकडं आणायचीच नाय," असं म्हणून ते हसले. मीही हसले. तेव्हा त्यात वाईट वाटण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

लोक गॅरेज कसं निवडतात ते मी लहानपणापासून पाहत आले होते. कुणाच्या तरी ओळखीनं यायचे, अण्णांनी केलेलं काम टिकलं की मेव्हण्याला, साडूला पाठवायचे. गंगापूर रोडचे एक डॉक्टर तर नवी गाडी घेण्याआधी अण्णांना विचारायला यायचे. पण मी आयुष्यात पहिल्यांदा गाडीची मालकीण झाले तेव्हा मला निवडावं लागलंच नाही. पुस्तकात लिहिलेलं होतं. मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी टाकली.

आणि मला ते आवडलं. हे आज लिहिताना जड जातंय, पण खरं आहे. काचेची खोली, थंड हवा, कॉफीचं मशीन. मोबाइलवर मेसेज यायचा की तुमची गाडी आता धुण्यासाठी गेली आहे. काउंटरवरचा सल्लागार मला मॅडम म्हणायचा. अण्णांच्या गॅरेजात बायका येत नसत. आल्याच तर बाहेर उन्हात उभ्या राहायच्या, कारण बसायला एक उलटा डबा होता आणि तो नेहमी ऑइलनं माखलेला असायचा. इथं मी सोफ्यावर बसून काचेतून माझी गाडी लिफ्टवर चढताना पाहायची. सगळ्या कामाची यादी छापून मिळायची, प्रत्येक ओळीपुढे खूण. माझ्या कामाचा स्वभावच तसा आहे. खूण दिसली की मला बरं वाटतं.

पहिली दोन वर्षं काही झालं नाही.

तिसऱ्या वर्षी माझ्या चुलत बहिणीचा साखरपुडा सिन्नरला होता. अण्णांना मी बरोबर घेतलं. मोहदरीचा घाट चढताना ते एकदम ताठ बसले आणि म्हणाले, "रेडिओ बंद कर." मी केला. गाडीतून बारीक घूं असा आवाज येत होता. मी रोज त्या रस्त्यानं जात होते, मला तो कधी ऐकू आला नव्हता. उजवीकडच्या वळणावर तो वाढला, डावीकडच्या वळणावर दबला. अण्णांनी डोळे मिटले होते.

"डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग," ते म्हणाले. "आत्ता सुरुवात हाय. लवकर बदलून घे."

"वॉरंटीत आहे अण्णा, फुकट बदलतील."

"मग उद्याच टाक."

मी टाकली. संध्याकाळी कागद मिळाला. त्यावर लिहिलं होतं, तपासणीत दोष आढळला नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा टाकली. या वेळी त्यांनी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे केले. आवाज तसाच. आता तर तो मलाही ऐकू येत होता, एकदा ऐकू यायला लागल्यावर बंद करता येत नव्हता. मी अण्णांना फोनवर सांगितलं.

"मी येतो," ते म्हणाले. "मी सांगतो त्यांना. मिस्तरी मिस्तरीचं ऐकतो."

ते आले तेव्हा त्यांनी लग्नकार्यातला पांढरा शर्ट घातला होता. काचेचं दार मीच उघडलं. आत आल्यावर त्यांनी सोफ्याकडे पाहिलं, तिथल्या टेबलावरचा पेपर घेतला, तो सोफ्यावर पसरला आणि त्यावर बसले. पँट धुतलेली होती. तरी.

मी काउंटरवर गेले. सल्लागार तोच होता, तिशीचा, नीट भांग पाडलेला. मी म्हटलं, "डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग आहे. उजवीकडं वळताना आवाज वाढतो."

"मॅडम, हे कुणी सांगितलं?"

"माझ्या वडिलांनी."

"वडील काय करतात?"

"गॅरेज."

"अच्छा, लोकल." तो हसला. वाईट नव्हता तो, सवयीनं हसला. "कुठं आहे गॅरेज?"

आणि मी म्हणाले, "होतं. पूर्वी होतं."

का म्हणाले? मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. कदाचित गाडी बाहेर उघडली असा संशय येऊ नये म्हणून. हे कारण मी स्वतःला बरेच दिवस देत आले. पण खरं तर त्या काचेच्या खोलीत, त्या माणसासमोर, मला ते गॅरेज नको होतं. अण्णा माझ्यापासून सात-आठ हातांवर बसले होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. मी वळून पाहिलं तेव्हा ते काचेतून लिफ्टवरच्या गाड्या पाहत होते.

मग ते उठून आले. "साहेब, गाडी चालवून बघणार असाल तर मी बाजूला बसतो. मी दाखवतो कुठं येतो आवाज."

"काका, कस्टमरला टेस्ट ड्राइव्हला नेता येत नाही. इन्शुरन्सचा प्रश्न असतो."

"मग जॅकवर घेऊन चाक हातानं फिरवा. स्प्रिंगला हात लावून ठेवा, हाताला खर्र लागंल."

"काका, आमची प्रोसेस असते."

त्यांचा माणूस गाडी घेऊन गेला आणि दहा मिनिटांत परत आला. टायरचा आवाज आहे, या मॉडेलला थोडा असतोच, असं सांगितलं. कागदावर तसं लिहून आलं. निघताना सल्लागार माझ्यासोबत दारापर्यंत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, फीडबॅकचा मेसेज येईल. दहापैकी दहा द्या प्लीज. नऊ दिले तरी आम्हाला नापास धरतात." गाडीत बसल्यावर मेसेज आला. मी दहा दिले. शेजारी अण्णा होते आणि गाडीत तोच आवाज होता.

द्वारका चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा अण्णा म्हणाले, "सोफा लय मऊ होता."

सिग्नल सुटल्यावर: "चल गॅरेजवर. चार तासांचं काम हाय. बेअरिंग आपल्या नेहमीच्या दुकानात मिळतं."

"वॉरंटी जाईल ना अण्णा. अजून सात महिने आहेत. उद्या इंजिनचं काही निघालं तर?"

"बरोबर हाय," ते म्हणाले. त्यांना वाद घालता आला असता. त्यांनी घातला नाही.

त्यांच्या गॅरेजात तेव्हाच काम कमी झालं होतं. पूर्वी दोन माणसं हाताखाली होती, ती आपापल्या वाटेनं गेली. डॉक्टरांनी नवी गाडी घेतली तेव्हा ते विचारायला आले नाहीत; रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, काय करणार, पाच वर्षांचं पॅकेज गाडीसोबतच दिलं. अण्णांकडे आता कांद्याच्या पिकअप यायच्या, जुन्या जीपा यायच्या, आणि ज्यांना कुणी हात लावत नाही अशा गाड्या. शेजारच्या गाळ्यात एका तरुण माणसानं सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांचं नवं गॅरेज टाकलं होतं. त्याच्याकडे संगणकावर दोष दाखवणारा स्कॅनर होता. तो अण्णांना मामा म्हणायचा, चहा पाठवायचा. अण्णा एकदा मला म्हणाले होते, "पोरगा चांगला हाय. पण गाडीकडं बघत नाय, स्क्रीनकडं बघतो."

शेवटी, वॉरंटी संपत आली तेव्हा, सर्व्हिस सेंटरनं बेअरिंग बदललं. आवाज इतका वाढला होता की त्यांच्या दारातल्या वॉचमननंही मान वर करून पाहिलं. कागदावर लिहिलं होतं, डावे पुढचे बेअरिंग बदलले. मी तो कागद अण्णांना दाखवला. त्यांनी वाचला, परत दिला. मी म्हटलं, "तुमचंच बरोबर होतं."

"ते मला म्हाईत होतं," ते म्हणाले. त्यात रागही नव्हता.

त्यानंतर काही आठवड्यांनी डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. ब्रेकच्या कुठल्याशा यंत्रणेचा. लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. मी सर्व्हिस सेंटरला फोन केला तेव्हा वॉरंटी संपून नऊ दिवस झाले होते. गाडी दाखवली. ते म्हणाले, ब्रेकचं अख्खं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बदलावं लागेल. मी विचारलं, "बेअरिंग बदलताना काही झालं असेल का?" सल्लागार म्हणाला, "मॅडम, ते रेकॉर्डला येत नाही."

आता पुस्तकातलं ते पान संपलं होतं. आता मी निवडू शकत होते.

मला आठवतं, त्या दिवशी मी किती आनंदात वडाळा नाक्याला गेले. वाटेत पेढे घेतले. जणू काही मी अण्णांना काही द्यायला चालले होते. गाडी खड्ड्यावर घेतली, चावी त्यांच्या हातात ठेवली आणि म्हटलं, "आता तुमचीच. काय करायचं ते करा."

ते किती तरी वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, "आजच बघतो."

शेजारचा तो स्कॅनरवाला म्हणालाही, "मामा, लावून बघू का स्कॅनर?" अण्णा म्हणाले, "नगं. ते म्हणतील मॉड्यूल गेलं. मॉड्यूल जात नसतं असं. वायर कुठंतरी घासली असंल. बेअरिंग काढताना ओढली असंल."

मी दोन दिवस कारखान्याच्या बसनं गेले. वेळ जुळत नव्हती, लवकर निघावं लागत होतं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन केला तर ते म्हणाले, "वायर सापडली. चाकाच्या मागं सोलली गेली होती. जोडली. दिवा गेला."

"मग येऊ का घ्यायला?"

"उद्या ये. जरा चालू होईना झालीय. बघतो."

त्याच्या पुढच्या दिवशीही ते उद्या म्हणाले. माझ्या वडिलांनी गिऱ्हाइकाला कधी उद्या म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. होत असेल तर होतं म्हणायचे, नसेल तर दुसरीकडे न्या म्हणायचे. चौथ्या दिवशी मी अर्धी सुट्टी टाकून गेले.

बॉनेट उघडं होतं. ते प्लास्टिकचं झाकण काढून बाजूला भिंतीला टेकवलं होतं. वायरींचे जुडगे सोडवून ठेवलेले, प्रत्येकाला कागदाच्या चिठ्ठ्या बांधलेल्या, त्यावर अण्णांच्या अक्षरात आकडे. ते स्टूलवर बसले होते. हातात त्यांचा टेस्ट लॅम्प होता, म्हणजे एक छोटा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीच्या टोकाला सुई. चाळीस वर्षं ते वायरीत सुई टोचून करंट कुठपर्यंत येतो ते बघत आले होते.

शेजारचा तरुण आत उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग खाली. तोच बोलला, फार हळू. "ताई, मामांनी वायर बरोबर शोधली. पण शोधताना मेन जुडग्यात लॅम्प लावला. या गाड्यांना चालत नाही ते. आतला कॉम्प्युटर उडालाय."

"मी केलं ते," अण्णा म्हणाले. "त्याला नको सांगायला लावू. मी केलं."

"होतं अण्णा."

"नाय होत. माझ्याकडून नाय झालेलं आजपर्यंत."

मी म्हटलं गाडी गेली तर गेली, माणसापेक्षा जास्त आहे का, वगैरे. असल्या वेळी आपण जे बोलतो ते सगळं बोलले. ते ऐकत होते असं मला वाटलं नाही. त्यांनी चिठ्ठ्या एकेक करून काढल्या आणि वायरी पुन्हा जागच्या जागी बसवल्या, क्लिपसकट, जशा होत्या तशा. प्लास्टिकचं झाकण फडक्यानं पुसून लावलं. मग म्हणाले, "कंपनीला फोन कर. येतील न्यायला."

कंपनीची उचलगाडी दुपारी आली. नाक्यावर गर्दीची वेळ, मागे हॉर्न वाजत होते. शेजारचे गाळेवाले बाहेर येऊन उभे राहिले. सगळे अण्णांना इतक्या वर्षांचे ओळखणारे. उचलगाडीबरोबर आलेल्या माणसानं फॉर्म काढला आणि विचारलं, "गाडी बाहेर खोलली होती का? कुणी खोलली?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा पुढं झाले. त्यांनी आपलं नाव सांगितलं, गॅरेजचं नाव सांगितलं, आणि फॉर्मवर सही केली. गाडी साखळीनं ओढत वर चढली. ते एका बाजूनं तिला हात लावून चालत राहिले, वर चढेपर्यंत.

गाडी दुरुस्त होऊन आली. सर्व्हिस सेंटरच्या कागदावर कामाच्या यादीत वर एक ओळ होती: बाहेर खोललेली गाडी. त्यांच्या माणसानं मला सांगितलं की चाकामागची सेन्सरची वायर कुणीतरी छान जोडलेली होती, त्यांना तिथं काही करावंच लागलं नाही. मी हे अण्णांना सांगितलं. वाटलं होतं, बरं वाटेल. ते म्हणाले, "असू दे आता."

त्यांनी त्यानंतर दुरुस्तीला एकही गाडी घेतली नाही. पिकअपवाले आले की म्हणायचे, शेजारी दाखवा. दोन-तीन महिन्यांत दुसरं शटर उघडेनासं झालं, मग पहिलंही. मी त्यांना समजावलं, आईनं समजावलं, जुन्या गाड्या अजून हजारो आहेत म्हणालो. ते म्हणायचे, "हो हो." शेजारच्या तरुणानं ती जागा भाड्यानं घेतली आणि मोठेपणानं अण्णांना म्हणाला, "मामा, तुम्ही नुसतं येऊन बसा. आवाजाचं काही आलं तर तुम्ही सांगा." ते दोन दिवस जाऊन बसले. त्यानं खड्डा बुजवून लिफ्ट बसवली होती. गाड्या येत होत्या, स्कॅनर लागत होता, कागद निघत होते. पोरं नीट वागायची, खुर्ची द्यायची. कुणी काही विचारलं नाही, कारण विचारायची वेळच येत नव्हती. तिसऱ्या दिवशी अण्णा गेले नाहीत.

आता ते घरी असतात. सकाळी आईबरोबर भाजीला जातात, पिशवी धरून तिच्या मागे उभे राहतात. दुपारी झोपतात. मी एकदा धीर करून विचारणार होते, त्या दिवशी सोफ्यावर बसून तुम्ही काय ऐकलं म्हणून. पण ऐकलं असेल तर काय करणार, आणि नसेल तर मी आपण होऊन सांगितल्यासारखं होणार. राहून गेलं. राहूनच जाणार.

मागच्या महिन्यात माझ्या विभागातल्या एका मुलीनं गाडी घेतली. डब्याच्या सुट्टीत ती माझ्या शेजारी येऊन बसली. "मॅडम, तुमचे वडील मेकॅनिक ना? गाडी कुठं टाकू? कंपनीत टाकू की बाहेरच्या चांगल्या माणसाकडं?"

मी जरा वेळ विचार केल्यासारखं केलं. तिच्या डब्यात मेथीची भाजी होती, तिनं मला वाढली.

"वॉरंटीत आहे ना?" मी विचारलं.

"हो."

मी तिला सर्व्हिस सेंटरचा नंबर दिला. दुसऱ्या दिवशी ती येऊन म्हणाली, पाच मिनिटांत बुकिंग झालं, किती सोपं आहे. मी म्हटलं, हो, सोपं आहे. मग शिट्टी झाली आणि आम्ही दोघी आत गेलो.